घरचा पीसी सारखा क्रॅश होतोय, फॉरमॅट मारून पण तेच

खिडकीपाशी
मंडळी, वैतागले आता. असेंबल केलेला पीसी आहे, रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. आधी ८ जीबीची एक रॅम होती, दिवाळीत अजून एक ८ ची टाकून घेतली कारण टॅली आणि क्रोम एकत्र उघडलं की मशीन रडायचं. नंतर कधीतरी हे सुरू झालं. काम चालू असताना मधेच निळा स्क्रीन आणि रिस्टार्ट, कधी दिवसभर काही नाही आणि कधी तासाभरात दोनदा. दर वेळी एरर वेगळा, मेमरी मॅनेजमेंट काय, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल काय, परवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दुकानवाल्याने फॉरमॅट मारला, पैसे घेतले, परत तेच. आता म्हणतो मदरबोर्ड गेलाय, बदला. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आहे, काय करू?

वायरमनपुत्र
ताई, आधी घरचं अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? आपल्याकडे तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते, निम्म्या घरांत हीच बोंब. आणि इन्व्हर्टरवर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट गेली की पीसी बसलाच.

जुनाट_पेंटियम
अर्थिंग तर हवंच, त्यावर वाद नाही. पण करंटची किंवा एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) भानगड असली की पीसी बहुतेक वेळा खटकन बंद होतो, निळा स्क्रीन दाखवायलाही थांबत नाही. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ हा एरर दिसतो आणि लोक तोच गूगल करत बसतात, त्याचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी नीट शटडाउन झालं नाही' एवढाच, कारण त्यात नसतं.

इथे स्क्रीन येतोय आणि दर वेळी कोड वेगळा, माझा पहिला संशय रॅमवर. एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर साधारण तोच तो एरर आला असता, फाइलचं नावही बऱ्याचदा येतं. रॅम एखाद्या ठिकाणी चुकीचा बिट परत देत असेल तर त्या जागी त्या क्षणी जो कोणी बसलाय तो मरतो, आज विंडोज, उद्या क्रोम. फॉरमॅटने हे कसं जाणार?

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट कर आणि रात्रभर चालू दे. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक कधीकधी सगळं ठीक म्हणून मोकळं होतं, त्यावर विसंबू नको. एक जरी एरर आला तरी नापास, 'थोडेच आहेत' असं काही नसतं. एरर आले तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला पळवायची सेटिंग, बंद कर (काही बोर्डांवर डीओसीपी म्हणतात) आणि टेस्ट परत लाव, दोन वेगळ्या कंपनीच्या रॅमच्या कांड्या ३२०० च्या स्पीडवर एकत्र नांदतीलच असं नाही. तरी आले तर एकेक कांडी एकाच स्लॉटमध्ये लावून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ता.क. टॅलीचा बॅकअप आत्ता या मशीनवर घेऊन जुन्या बॅकअपवर ओव्हरराइट करू नकोस!! खराब रॅममधून कॉपी झालेली फाइल गुपचूप बिघडलेली असू शकते. वेगळ्या फोल्डरला घे.

दुपारची_झोप
मी तर म्हणतो लिनक्स टाका 😄

जुनाट_पेंटियम
टाका की, तोही त्याच रॅमवर चालणार ना भाऊ.

खिडकीपाशी
रात्री लावलं, सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. एक्सएमपी बंद करून लावलं तरी लाल. मग पीसी बंद, प्लग काढून एकेक कांडी लावली (क्लिप उघडायला एवढा जोर लागतो की बोर्ड मोडतोय असंच वाटतं). जुनी कांडी पूर्ण पास, त्याच स्लॉटमध्ये दिवाळीवाली लावली की काही मिनिटांत एरर. मग जुनी कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये पण लावून बघितली, पास. म्हणजे बोर्डाचे स्लॉट तरी ठीक. आता एका ८ वर चालवतेय, हळू आहे पण अजून पडला नाही. दुकानवाल्याला फोटो दाखवला तर म्हणतो सॉफ्टवेअरमुळे असं दाखवतं.

जुनाट_पेंटियम
विंडोज लोडच न होता टेस्ट झाली, कुठलं सॉफ्टवेअर म्हणे? त्याच्याशी डोकं लावू नकोस. रॅमवर बऱ्याच कंपन्या मोठी वॉरंटी देतात, कांडीवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर घे, बिल शोध आणि थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचार. स्टिकर मात्र काढू नकोस.

वायरमनपुत्र
आणि झिणझिण्यांचं राहिलंच ताई, येतात का नाही?

खिडकीपाशी
येतात 😐 उद्या वायरमनला बोलावलंय.