प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर केगेल व्यायाम: नेमका कोणता स्नायू आवळावा?

प्रश्न: प्रोस्टेट ग्रंथी काढल्यापासून खोकताना लघवीचे थेंब गळतात. केगेल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम) सुचवला आहे, परंतु स्नायू ओळखता येत नाही.

उत्तर १: वायू रोखताना जो आवळला जातो, तोच हा स्नायू, तो नीट आवळला असता शिश्नाचे मूळ किंचित आत ओढले जाते व वृषण वर उचलले जातात, मात्र पोट, मांड्या आणि नितंब सैल राहावेत व श्वास चालू असावा. 5 सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडावे. असे 10 वेळा, दिवसातून 3 खेपा.

उत्तर २: सैल सोडणे निम्मा व्यायाम आहे (मी तेच विसरत असे). खोकण्याच्या क्षणभर आधी आवळावे. लघवी मध्येच रोखून सराव करू नये.

उत्तर ३: कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) असेपर्यंत मात्र हा व्यायाम टाळावा.