मदत हवी आहे: मोरपंखी की मोतिया?

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. दिवाळीआधी मधल्या खोलीला रंग द्यायचा आहे आणि घरात दोन तट पडलेत. खोली दहा बाय बारा, वर स्लॅब, खिडकी एकच, तीही पश्चिमेला.

पोरगी बारावीला आहे, खोली तिच्या अभ्यासाची. तिला मोरपंखी हवा. आईचा पलंगही तिथंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला अंधारं अजिबात चालत नाही, म्हणून तिला मोतिया हवा.

पेंटरकडून दोन्हीचे हातभर पट्टे मारून घेतले. मोरपंखी वाळल्यावर आणखी गडद झाला. दुपारी उन्हात इतका सुरेख दिसतो की मलाच मोह पडला. पण संध्याकाळी बल्ब लावला की ती भिंत काळी वाटते. मोतिया तेव्हाही उजळ दिसतो. मात्र वेचणी सुरू झाली की विकेपर्यंत कापूस याच खोलीत राहतो. त्याची धूळ, हातांचे डाग मोतियावर लगेच दिसतील, ही धास्ती आहे.

आता विचार असा की तीन भिंती मोतिया, छत पांढरं आणि एकच भिंत मोरपंखी. ती कोणती घ्यावी? खिडकीची, की खिडकीसमोरची, जिथं पोरीचं टेबल आहे? खिडकीत कूलर असतो, तिथं खाली ओल येऊन पोपडे निघतात. गडद रंगात ते जास्त दिसतील का? असं कुणी केलं असेल तर कृपया सांगा. जमल्यास रात्रीचा फोटोही टाका.