मदत हवी आहे: टॅबवर बसवायची भोकांची ॲक्रिलिक पट्टी ठाण्यात कोण बनवून देईल?

नमस्कार मंडळी. माझा भाचा ७ वर्षांचा, कळव्याला राहतो. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता येत नाही, पण समजतं सगळं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो ॲप टॅबवर घेतलंय. चित्रावर बोट ठेवलं की ॲप बोलतं. अडचण हाताची. बोट थरथरतं आणि शेजारच्या चित्रावर पडतं. काल त्याला पाणी हवं होतं, तीनदा भलतंच वाजलं, शेवटी रडून टॅब ढकलून दिला. फार लागलं मनाला.

प्रत्येक चित्रापुरतं भोक असलेली पट्टी स्क्रीनवर असेल तर तळहात टेकवून नेमकं बोट घालता येईल. वागळे इस्टेटमध्ये एकच नग लेझरवर कापून देणारं कुणी माहीत आहे का? ३ मिलिमीटर जाडी पुरेल? कडा टोचायला नकोत. कुणाच्या मुलाने वापरली असेल तर प्लीज सांगा.