वाळवंटातील झाडाची सूर्यास्ताच्या आकाशावरील छायाकृती : फांद्या सुट्या दिसाव्यात यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

वाळवंटातील एका काटेरी झाडाची मावळतीच्या आभाळावर छायाकृती, म्हणजेच सिल्हूट, टिपण्याचा प्रयत्न मी सलग तीन संध्याकाळी केला; परंतु मनातले चित्र अद्याप हाती आलेले नाही. उघड्या डोळ्यांना त्या झाडाची प्रत्येक डहाळी शाईने रेखाटल्यासारखी स्पष्ट दिसते. छायाचित्रात मात्र मधल्या फांद्यांचा एकच काळा गोळा होतो आणि सूर्याभोवतीचा केशरी पट्टा पिवळट पांढरा पडतो.

पहिल्या दिवशी कॅमेरा ऑटोवर होता. त्याने झाड उजळवण्यासाठी एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) वाढवले, त्यामुळे आकाश फिकट झाले आणि झाडही काळे न होता मळकट तपकिरी राहिले. दुसऱ्या दिवशी सूर्याला वगळून त्याच्या शेजारच्या आकाशावर स्पॉट मीटरिंग (चौकटीतील एका लहान ठिपक्यापुरतेच प्रकाशमापन) केले आणि आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ व शटर १/२५० सेकंद असे मॅन्युअल सेटिंग ठेवले. झाड काळेभोर आले. पण कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असल्याने खालच्या फांद्या दूरच्या डोंगररेषेत मिसळून गेल्या. तिसऱ्या दिवशी ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा जमिनीलगत आणला, तेव्हा सगळे झाड आभाळावर सुटे झाले. त्या वेळी सूर्य खोडाच्या दुबेळक्यात होता आणि त्याच्या झगझगाटात आजूबाजूच्या डहाळ्या दिसेनाशा झाल्या.

आणखी एक गोष्ट मला घरी आल्यावर कळली. कॅमेऱ्यातील एकत्रित हिस्टोग्राम (गडद ते उजळ भागांचा आलेख) सुरक्षित दिसत होता. परंतु तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहिल्यावर लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला चिकटलेला, म्हणजे लाल रंग अतिउजळ होऊन त्यातले बारकावे गेलेले, आढळले. तेव्हा एक्सपोजर नेमके किती कमी करावे, सूर्य चौकटीत ठेवावा की तो मावळेपर्यंत थांबावे, आणि झाडामागे सूर्याचे बिंब मोठे दिसावे यासाठी किती अंतरावर उभे राहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर आहे. सूर्यास्ताच्या आकाशात सर्वांत आधी लाल रंग हातचा जातो, म्हणून कॅमेऱ्यावर आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा व निळा यांचे वेगवेगळे आलेख) सुरू करावा आणि लाल आलेख कडेपासून सुटेपर्यंत एक्सपोजर उतरवावे. झाड काळेच हवे असल्याने सावल्यांची चिंता करण्याचे कारण नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचे संतुलन) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिनवर ठेवावा; ऑटोमध्ये कॅमेरा आकाशाचा तांबूसपणा ही चूक समजून ती दुरुस्त करू पाहतो.

तरीही माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ एक्सपोजरपेक्षा उभे राहण्याच्या जागेत आहे. छायाकृतीत खोली उरत नाही, त्यामुळे पुढची आणि मागची फांदी एकाच रेषेत आली की दोन्ही मिळून एक डाग तयार होतो. अमेरिकेतील वाळवंटात वाढणाऱ्या जोशुआ वृक्षाच्या मोजक्या जाड फांद्या यातून निभावतात. शमीसारखे बारीक पानांचे, दाट माथ्याचे झाड निभावत नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी झाडाभोवती सावकाश चक्कर मारावी आणि फांद्यांमधून सर्वाधिक आकाश कोठून दिसते ते हेरून ठेवावे. सूर्य चौकटीत घ्यायचा असेल तर तोच आपली जागा ठरवतो. तो मावळल्यानंतर क्षितिजावर रंग रुंद पसरतो, झगझगाट संपतो आणि चार पावले डावी-उजवीकडे सरकण्याची मोकळीक मिळते. म्हणून मी मावळल्यानंतरची दहा ते वीस मिनिटे निवडेन. फक्त शटरचा वेळ वाढतो, तेव्हा वारा असल्यास डहाळ्या हलून पुसट होऊ नयेत म्हणून आयएसओ थोडा वाढवावा.

बिंबाविषयी : सूर्याचा कोनीय व्यास साधारण अर्धा अंश असतो. झाडाच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर उभे राहिल्यास झाड आणि बिंब सारख्याच उंचीचे दिसतात; ४ मीटरच्या झाडासाठी हे अंतर सुमारे ४४० मीटर होते. पण तेथून ४०० मिमी लेन्स लावली तरी बिंब फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरवर जेमतेम ३.७ मिमी उमटते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा सहावा हिस्साही नाही. अशा लेन्समधून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे कदापि पाहू नये, मागच्या पडद्यावरच चौकट जुळवावी.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल उजेड असतानाच झाडाभोवती फिरलो, तेव्हा त्या काळ्या गोळ्यातला निम्मा भाग म्हणजे एक जुने, सोडून दिलेले घरटे असल्याचे लक्षात आले. सहा-सात पावले उत्तरेकडे सरकल्यावर ते खोडाआड गेले आणि फांद्या मोकळ्या झाल्या. सूर्य मावळून बारा मिनिटे झाल्यावर घेतलेल्या छायाचित्रात, मोठे करून पाहिल्यास, डहाळीवरचे काटेही जोडीजोडीने मोजता येतात.

आता एकच शंका उरली आहे. त्याच डहाळ्यांच्या कडांना बारीक जांभळी झालर दिसते. एफ/८ ऐवजी एफ/११ ठेवल्यास ती कमी होईल, की रॉ फाइलवर काम करतानाच ती काढणे योग्य ठरेल?