विषय: मुखत्यारपत्र परत आलं!! (अपॉस्टील असूनही)

वैशाली:
मंडळी, कालच्या फोननंतर डोकं फिरलंय. मी कॅनडातून पाठवलेल्या मुखत्यारपत्राचं पाकीट घेऊन चंदूदादाने तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात दोन चकरा मारल्या, दोन्ही फुकट. खिडकीतल्या बाबूंनी मागे टाचलेलं अपॉस्टीलचं पान (नोटरीची सही खरी असल्याचा सरकारी दाखला) उलटंसुलटं केलं, वरच्या फ्रेंच ओळीवर बोट ठेवलं आन् म्हणाले, "हे कोन्या देशाचं हाये भाऊ? आपले सिंह कुठी हायेत याच्यात?" कॉन्सुलेटचा (भारतीय वकिलातीचा) शिक्का आना म्हणे. अरे, नोटरी झालं, ओंटारिओचं अपॉस्टील झालं, आता काय माझा अंगठा कापून पाठवू? मृगाआधी हक्कसोडपत्र झालं नाही तर धाकट्याचं पीककर्ज लटकलं. इतक्यात कोणी केलंय का? (श्रीकांतकाका, तुमचं २०१९ चं माहीत आहे, ते नको.)

श्रीकांत:
नको म्हटलं तरी सांगतो. कॉन्सुलेटमध्ये समोर सही केली, सिंहांचा शिक्का बसला, यवतमाळला कोणी हूं की चूं केलं नाही. नसत्या नव्या वाटेने जायचंच कशाला? आपल्या मराठी मंडळाची कागदपत्र-मार्गदर्शिका मी लिहिली, तीत हेच आहे. वाचतं कोण म्हणा.

मृणाल:
काका, ती मार्गदर्शिका शिळी झाली. अपॉस्टीलचा हेग करार भारतात २००५ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. दोन्ही देश करारात आल्यावर अपॉस्टीलच्या वर पुन्हा कॉन्सुलेटचा शिक्का लागत नाही.
वैशाली, ती फ्रेंच ओळ १९६१ च्या करारातच ठरलेली आहे. आपलं परराष्ट्र मंत्रालय डिग्रीच्या मागे जे स्टिकर लावतं, त्यावरसुद्धा तीच असते. गावातलं कोणाचं पोरगं बाहेर शिकायला गेलंय का बघ. त्याच्या कागदाची झेरॉक्स शेजारी ठेवून दाखवा. बाबूंना कायदा सांगण्यापेक्षा हे लवकर पटेल.

हेमंत:
सगळे शिक्का शिक्का करताहेत, मुद्रांकाचं काय? परदेशात सही झालेल्या कागदावर राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो. सही केल्यापासून नव्हे, पोचल्यापासून. कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा. आमच्या आत्याने त्या पाकिटात शेवया भरून ठेवल्या होत्या, तारीख धुऊन गेली. मग प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, महिना गेला.

श्रीकांत:
शेवया पाकिटात कोण ठेवतं?

हेमंत:
प्लॅस्टिकचं चांगलं पाकीट होतं काका. वर्धेकडे काही वाया घालवत नाहीत.

मृणाल:
मुद्द्यावर या. नोंदणी कायदा १९०८, कलम ३३. मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर राहत असेल तर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, भारताचा कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल, यांपैकी कोणासमोरही केलेलं चालतं. यादीत नोटरी आहे. ते पान छापून न्या.

श्रीकांत:
तो नोटरी भारतातला, असं म्हणतील. माझं लिहून ठेवा.

मृणाल:
म्हणू देत. हा नोटरी खरा, त्याची सही खरी, एवढंच तर अपॉस्टील सांगतं. आतला मजकूर खरा आहे असं ते म्हणतच नाही. बाबूंची शंका नोटरीवरच असेल तर उत्तर त्याच पानावर आहे. तरी नाहीच ऐकलं तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की खुर्ची जरा सरकते.

वैशाली:
सापडलं! आमच्या मास्तरांच्या लेकीच्या डिग्रीला स्टिकर आहे, ती आयर्लंडला असते. फ्रेंच ओळ हुबेहूब तीच, चंदूदादाने फोटो पाठवला. हेमंत, पाकीट आईने तुरीच्या डाळीच्या डब्याखाली दाबून ठेवलंय, तारीख शाबूत. बुधवारी बाजार, त्या दिवशी खिडकीशी कोणी सापडत नाही. म्हणून दादा गुरुवारी जातोय, झेरॉक्स आणि कलम ३३ घेऊन. काय होतं ते कळवते.
मृणाल, मार्गदर्शिकेत हे तू घालशील का?

श्रीकांत:
मजकूर मला पाठवा. बदल मी करीन. परस्पर फाइलला कोणी हात लावू नये, मागच्या वेळी गणपतीची वर्गणी-यादी अशीच पुसली गेली होती.