मदत हवी आहे: अफगाणिस्तानातलं नजीबुल्लाह सरकार नेमकं कशाने कोसळलं?

२७ डिसेंबर १९७९ला सोव्हिएत कमांडोंनी काबूलच्या ताजबेग महालात तेव्हाचा सत्ताधीश हफीजुल्लाह अमीनला मारून बब्रक करमलला गादीवर बसवलं. १९८६मध्ये मॉस्कोनेच त्याला हटवून नजीबुल्लाहला आणलं. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९मध्ये परतल्या. महिन्याभरात मुजाहिदीन (सरकारविरोधी बंडखोर) जलालाबादवर चालून आले, पण शहर पडलं नाही! म्हणजे या सरकारला नुसतं मॉस्कोची 'कठपुतळी' म्हणून विषय मिटत नाही.

१ जानेवारी १९९२पासून मॉस्को-वॉशिंग्टन करारानुसार सरकार आणि मुजाहिदीन दोघांनाही मिळणारी शस्त्रं थांबली. त्याच वसंतात सरकारच्या बाजूने लढणारा उझबेक मिलिशियाप्रमुख दोस्तम फिरला, उत्तरेतलं मझार-ए-शरीफ शहर हातचं गेलं, एप्रिलमध्ये सरकार संपलं. माझ्या मते तोफगोळ्यांपेक्षा इंधन आणि मिलिशियांचा पगार आटणं जास्त महाग पडलं. १९९१-९२च्या इंधन, धान्य, पगाराचे विश्वासार्ह आकडे कुठे मिळतील? रशियन कागदपत्रांचे इंग्रजी अनुवादही चालतील.