मदत हवी आहे: प्रॅक्टिकल घेणाऱ्या टीचिंग असिस्टंटसाठी साहित्य

नमस्कार मंडळी. आपल्या जळगाव-धुळ्याकडे पीएचडी करणारी जी मुलं बीएस्सी पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतात, त्यांच्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आखतोय. विषय त्यांना पक्का येतो. शिकवायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवात टायट्रेशनपासून, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या, तोटीच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढणं. किती द्रावण लागलं, ते रीडिंग. ब्युरेट नुसती पाण्याने धुऊन भरली की द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. तोटीतला बुडबुडा मध्येच सुटला तरी वाढतं. फनेल वर तसंच राहिलं तर थेंब ओघळून रीडिंग कमी येतं. असिस्टंटने चूक सांगून टाकू नये. "रीडिंग वाढलं कशामुळे?" असं विचारून 10 सेकंद तरी थांबावं. हेच सगळ्यात अवघड, कारण शांतता सोसवत नाही आणि तो स्वतःच ब्युरेट हातात घेतो. घरी अहिराणी किंवा भिली बोलणारी मुलं अशा वेळी गप्प राहतात. त्यांना आधी शेजाऱ्याशी बोलू द्यावं, मग उत्तर मागावं.

जर्नल तपासताना दोन असिस्टंटचे गुण जुळत नाहीत. म्हणून आधी त्याच 5 जर्नल्स दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या, गुण ताडायचे, मग बाकीचा गठ्ठा.

आता हवंय ते असं: हाताच्या कौशल्याला आणि उत्तराला वेगळे गुण देणारा 10 गुणांचा तक्ता, तोंडी परीक्षेसाठी मराठीतून 'का' विचारणारे प्रश्न, आणि प्रॅक्टिकलच्या निरीक्षणाचा एकपानी नमुना. व्हर्च्युअल लॅब्ज (ऑनलाइन प्रयोगांची वेबसाइट) विद्यार्थ्यांसाठी आहेत, शिकवणाऱ्यासाठी काही सुचवा. खाडाखोड केलेले, वापरातले कागदही चालतील.